इंग्रजीशी गट्टी : शरणपूरच्या जेकबची यादी

दोस्तांनो, ‘सर, इंग्रजी यायला काय करावं?’ हा प्रश्न तुमच्या निम्म्याअधिक पत्रांत असतोच असतो. आज त्याचं उत्तर बाजूला ठेवू आणि एक खरी गोष्ट ऐकू. गोष्ट आपल्या नाशिकची आहे, पण गंमत अशी, की नाशिकच्याच बऱ्याच मोठ्या माणसांना ती माहीत नसते!

सातपूरहून शहराकडे येताना शरणपूर रोडचा भाग लागतो ना, तिथे १८५० च्या दशकात विल्यम प्राइस नावाच्या इंग्रज पाद्र्यानं एक वसाहत उभी केली. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं पकडून गुलाम म्हणून विकत असत. लहान मुलंसुद्धा! इंग्रजांच्या गस्ती जहाजांनी अशी गलबतं अडवली, की सुटलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईत उतरवत. त्यातली बरीच मुलं पुढे शरणपूरला आली.

विचार करा हं. आईबाप हरवलेले, देश परका, आजूबाजूला मराठी आणि हिंदुस्थानी, तर शिकवणारे इंग्रज नि जर्मन. नावंसुद्धा नवी मिळाली : जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार. इथे ही मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि इंग्रजी लिहायला-वाचायला शिकली. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवणारी शाळा, तीसुद्धा आपल्या नाशकात!

तुमच्या भूगोलात डेव्हिड लिव्हिंगस्टन भेटला असेल. आफ्रिका पायी तुडवणारा स्कॉटिश डॉक्टर. १८६५ साली तो शरणपूरची नऊ मुलं आपल्या मोहिमेसाठी घेऊन गेला. (त्यातली शेवटपर्यंत फार थोडी टिकली, तेही सांगून टाकतो.) पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला माणसांची नवी तुकडी गेली, तिच्यात आपला जेकब होता.

मे १८७३. आजच्या झांबिया देशातल्या चितांबो नावाच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. बरोबर साठ-सत्तर माणसं, आणि समुद्र शेकडो कोस दूर. सुसी आणि चुमा हे त्या माणसांचे पुढारी. डॉक्टरांच्या पेट्या उघडायच्या, पण उद्या कुणी चोरीचा आळ घेतला तर? म्हणून त्यांनी जेकबला बोलावलं आणि सामानाची यादी लिहायला सांगितली. इंग्रजीत.

मग डॉक्टरांचं हृदय झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचं नाव कोरलं. मृतदेह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन ही माणसं समुद्राकडे निघाली. सुमारे दीड हजार किलोमीटर, नऊ महिने! वाटेत समजलं, की पुढे इंग्रजांची एक मोहीम आली आहे. जेकबनं पत्र लिहिलं आणि चुमा ते घेऊन पुढे गेला. तिथल्या कॅमेरॉन नावाच्या अधिकाऱ्यानं सुचवलं, देह इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही!

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंगस्टनचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. शरणपूरचा विद्यार्थी! त्यानं इंग्रजीत रोजनिशीही लिहिली होती. ती २०१९ मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली.

ही गोष्ट गेल्या महिन्यात मी सातपूरच्या माझ्या शनिवारच्या वर्गात सांगितली. नववीची मुलं. बहुतेकांचे वडील एमआयडीसीत कामाला. कुणी धुळ्याकडून आलेले, कुणी थेट बिहारमधून. इंग्रजी म्हटलं की सगळे पाठीमागच्या बाकावर! म्हटलं, जेकबचं काम करा. घरातल्या एका पिशवीत काय काय आहे, त्याची इंग्रजीत यादी करा.

पाच मिनिटं सामसूम. मग एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, पप्पांच्या कामाच्या पिशवीची चालेल?’’ आणि ती सांगू लागली : स्पॅनर, ड्रिल बिट, व्हर्निअर, मायक्रोमीटर. मी विचारलं, मायक्रोमीटर म्हणजे काय गं? ती हसलीच. ‘‘सर, तुम्हाला नाही माहीत?’’ आणि केसाची जाडीसुद्धा कशी मोजतात, ते तिनं हातवारे करून समजावलं. मग काय, लेथ, ग्राइंडर, शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास... फळा भरला! घरात रोज कानावर पडणारे हे शब्द इंग्रजीच आहेत, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

पालकहो, तुमच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांना काय सांगणार’ असं तुम्ही म्हणता. तुमच्या पिशवीत निदान वीस शब्द आहेत. संध्याकाळी एकदा मुलांसमोर ती उघडा.

यादीनंतर पत्र. जेकबसारखंच, जे खरोखर घडलं तेवढंच लिहायचं. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलानं कागद पुढे सरकवला. त्याचे वडील रात्रपाळीला असतात. त्यानं लिहिलं होतं : ‘माय फादर कम्स होम व्हेन आय गो टू स्कूल. वी मीट ऑन द रोड. ही गिव्ह्ज मी हिज एम्प्टी टिफिन.’

स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. त्या मी त्या दिवशी दाखवल्या नाहीत. कागद त्यानं परत मागितला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, ‘‘उद्या सकाळी रस्त्यात पप्पांना देतो.’’

आता तुमची पाळी. घरातली एखादी पिशवी, पेटी किंवा खण निवडा, दहा वस्तूंची इंग्रजी यादी करा आणि खाली तीनच वाक्यं लिहून पाठवा. शब्द अडला तर मराठी लिहा. पण वस्तू खरी हवी.