होकार म्हणजे पुरावा नव्हे

समुपदेशनावरच्या गुणात्मक संशोधनावर एक आक्षेप हमखास येतो: दहा-पंधरा माणसांशी बोललात, त्यातून निघाले ते किस्से, याला संशोधन कसं म्हणायचं? हा आक्षेप मला मान्य नाही. पण आमच्या बाजूने त्याला जी उत्तरं दिली जातात, त्यांनी माझं त्याहूनही कमी समाधान होतं.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड रेनी यांनी १४ जणांना त्यांच्याच समुपदेशन-सत्राची टेप सत्रानंतर ऐकवली. वाटेल तिथे थांबवा आणि त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते सांगा, एवढंच त्यांचं मागणं. १९९४ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखातून दिसलं ते असं: समुपदेशकाचं म्हणणं पटत नसताना माणसं मान डोलावत होती. त्याला दुखवू नये, तो जाणकार आहे, त्याचे आपल्यावर उपकार आहेत, असे विचार त्यामागे होते. समाधानाला पाचपैकी किती गुण द्याल, असं विचारून हे हाती लागणं कठीण. समोरासमोर मान डोलावणारा माणूस कागदावरही चार गुणांवर खूण करू शकतो, आणि तसे हजार कागद जमवले तरी ती चूक हजार वेळा नोंदली जाते, दुरुस्त होत नाही. असं किती टक्के लोकांत घडतं, हे १४ जणांवरून सांगता येत नाही, हे कबूल. ते कसं घडतं, हे मात्र रेनींनी दाखवलं, आणि त्यांचा प्रश्नही तोच होता.

आता आमची बाजू. ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं, मग तपासायचं काय?’ असं म्हणणाऱ्यांशी फार वाद घालायला नको. अनुभव ज्याचा त्याचा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष संशोधकाचा असतो आणि तो तपासावाच लागतो.

जास्त नुकसान करतात ते चौकटीत खुणा करणारे. यिव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांनी १९८५च्या पुस्तकात विश्वासार्हतेसाठी अनेक उपाय सांगितले: दीर्घ सहवास, विरोधी उदाहरणांचा शोध, निर्णयांच्या नोंदी. निष्कर्ष सहभागींना दाखवून त्यांचं मत घेणं हा उपाय त्यांना फार महत्त्वाचा वाटला. प्रबंधांत मात्र त्याचं एक वाक्य उरतं: ‘सहभागींनी निष्कर्षांना दुजोरा दिला.’ रेनींचं वाचल्यावर या वाक्यावर विश्वास कसा ठेवायचा? समुपदेशकापुढे गप्प बसणारा माणूस टेप घेऊन आलेल्या प्राध्यापकापुढे अचानक निर्भीड कसा होईल?

म्हणून दुजोरा मागूच नये, हरकत मागावी. ‘हे बरोबर आहे ना?’ असं न विचारता ‘यातलं काय तुम्हाला लागू होत नाही?’ असं विचारावं, आणि विचारणारा त्या व्यक्तीचा समुपदेशक नसावा. हरकतीमुळे कोणता निष्कर्ष बदलला, कोणता टाकला, कोणता तरीही ठेवला आणि का, हे प्रबंधात यावं. क्लारा हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या पद्धतीत अनेक संशोधक तोच मजकूर वाचतात, वाद घालून एकमतावर येतात आणि परीक्षक ते तपासतो. पद्धत चांगलीच आहे. पण गटात गाईड आणि त्याचेच विद्यार्थी असतील, तर एकमताचीही गत तीच होते! तिथे प्रत्येकाने आपलं वाचन आधी लिहून द्यावं आणि गाईडने शेवटी बोलावं. सूत्रात न बसणारा एकटा सहभागी तळटीपेत ढकलू नये. त्याच्यामुळे सूत्राची मर्यादा कळते.

गोपनीयतेमुळे समुपदेशनातल्या मुलाखती वाचकापुढे उघड ठेवता येत नाहीत. संख्यात्मक अभ्यासात निदान आकड्यांचा तक्ता मागता येतो. इथे वाचकाच्या हाती बहुधा संशोधकाने निवडलेली चार अवतरणंच येतात. ती का निवडली, कोणती वगळली, मुलाखतींआधी स्वतःचा कल काय होता, याची नावं काढून टाकलेली नोंदवही तोंडी परीक्षेला टेबलावर असावी. परीक्षकांनी पहिला प्रश्न तिच्यातूनच काढावा: तुमचं कोणतं मत या मुलाखतींनी मोडलं, आणि ते कोणत्या पानावर आहे?