पासवर्ड बरोबर आहे, पण खाते चालू आहे का?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. १३० कोटी रुपये खर्चाचे हे तीन संगणक वेगवान रेडिओ स्फोटांच्या शोधापासून अणुभौतिकीपर्यंतच्या संशोधनासाठी उभारले गेले, आणि त्या बातमीला देशभर योग्य ती जागा मिळाली. त्यानंतर अकराच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, पायथन भाषेची ३.१३ ही आवृत्ती आली आणि तिच्यातून ‘क्रिप्ट’ व ‘एसपीडब्ल्यूडी’ ही दोन जुनी मोड्यूल्स काढून टाकण्यात आली. या घटनेची वृत्तपत्रांनी दखल घेण्याचे काही कारण नव्हते. परंतु शेकडो संशोधक जो संगणक वाटून वापरतात, त्याच्या दारावरची तपासणी कशी व्हावी, या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. आपल्या विज्ञानसंस्थांत या प्रश्नाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही.

लिनक्सवर वापरकर्त्यांचे पासवर्ड जसेच्या तसे ठेवलेले नसतात. त्यांच्यावर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून येणारे रूप ‘शॅडो’ नावाच्या फाइलमध्ये राहते आणि ती फाइल सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. या पद्धतीमागचा विचार रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या एका निबंधात मांडला होता. पायथनमधून काढलेल्या दोन मोड्यूल्सपैकी एक ती फाइल उघडून देत असे, तर दुसरे टंकलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया करून देत असे. दोन्ही रूपे जुळली की प्रवेश. पाच-सहा ओळींचे काम, आणि ते चालतही असे. तरीही ही मोड्यूल्स वगळण्याची शिफारस करणाऱ्या ‘पेप ५९४’ या प्रस्तावाने स्पष्ट म्हटले आहे की, प्रवेश-नियंत्रणासाठी शॅडो फाइल अशी थेट वाचणे हाच सुरक्षेतील दोष मानावा, कारण त्यात ‘पॅम’ला वळसा घातला जातो.

पॅम म्हणजे हवी ती पडताळणी जोडता येईल अशा मोड्यूल्सची व्यवस्था. सनसॉफ्टच्या विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये तिचा प्रस्ताव मांडला, आणि आज लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ती मूळ यंत्रणेचाच भाग आहे. तिचे तत्त्व साधे आहे: ओळख कशी पटवायची हे प्रोग्रामने ठरवू नये. त्याने लायब्ररीला विचारावे, आणि स्थानिक पासवर्ड, संस्थेची एलडॅप निर्देशिका, केर्बेरॉस किंवा एकदाच वापरायचा संकेतांक यांपैकी काय व कोणत्या क्रमाने तपासायचे, हे यंत्रणा-प्रशासकाने एका फाइलमध्ये लिहून ठेवावे. उद्या धोरण बदलले तर एकाही प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

पायथन, पर्ल, पीएचपी या स्क्रिप्ट-भाषांतून या लायब्ररीपर्यंत पोहोचण्याचे दुवे उपलब्ध आहेत. नाव आणि पासवर्ड द्यायचा, उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे येते. या सोयीनेच घात होतो. पॅम मुळात एका प्रश्नाचे एक उत्तर देणारी यंत्रणा नाही. ‘ही व्यक्ती तीच आहे का’ हा तिचा एक प्रश्न आणि ‘या खात्याला आत्ता प्रवेशाची मुभा आहे का’ हा दुसरा, स्वतंत्र प्रश्न. मुदत संपलेले खाते, ठरावीक वेळेपुरती परवानगी, पासवर्ड बदलण्याची सक्ती हे सारे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येते. पहिला प्रश्न विचारून थांबणारी स्क्रिप्ट चाचणीत निर्दोष ठरते. चुकीचा पासवर्ड ती नाकारते, बरोबर असेल तर स्वीकारते, आणि तीन वर्षांपूर्वी प्रकल्प सोडून गेलेल्या संशोधकालाही तितक्याच तत्परतेने आत घेते.

ही केवळ कल्पनेतील भीती नाही. यंत्रांवर दुरून लिनक्स बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, पायथनमध्ये लिहिलेल्या ‘कॉबलर’ या प्रणालीत २०२२ मध्ये नेमका हाच दोष नोंदवला गेला: पॅममधील खात्याची मुदत संपलेली असूनही प्रवेश मिळत होता. याउलट उदाहरणही विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरातले आहे. अनेकांना एकाच सर्व्हरवर नोटबुके उघडून देणारे ‘ज्युपिटरहब’ मूळ मांडणीत पॅममार्फतच ओळख पटवते. त्यात खाते-तपासणी आपोआप चालू असते, आणि ती बंद करणे धोक्याचे आहे असा इशारा त्याच्या दस्तऐवजात दिलेला आहे. दूरस्थ प्रवेशाच्या ‘ओपनएसएसएच’ची रीत तर याहून बोलकी आहे. पासवर्डऐवजी किल्लीने प्रवेश होतो तेव्हा पॅमकडे पासवर्ड तपासायला काहीच नसते. तरीही पॅमचा वापर चालू ठेवलेला असेल तर खात्याविषयीचा दुसरा प्रश्न विचारला जातोच.

दुसरी अडचण अधिकारांची आहे, आणि ती फार फसवी आहे. स्थानिक पासवर्ड तपासणाऱ्या नेहमीच्या मोड्यूलजवळ एक छोटा सहायक प्रोग्राम असतो. सामान्य अधिकारांनी चालणाऱ्या स्क्रिप्टला तो फक्त तिच्या स्वतःच्या वापरकर्त्याचा पासवर्ड तपासून देतो, इतरांचा नाही. म्हणून विद्यार्थी स्वतःच्या खात्याने चाचणी घेतो तेव्हा सगळे सुरळीत चालते; सहकाऱ्याने प्रयत्न केला की नकार येतो. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे संपूर्ण वेब-पोर्टल ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालवणे. मग त्या पोर्टलमधील आलेख काढणाऱ्या एखाद्या फुटकळ चुकीलाही अख्ख्या यंत्राची सत्ता मिळते. वास्तविक हे काम ‘सासलऑथडी’ किंवा ‘एसएसएसडी’सारख्या वेगळ्या, मर्यादित सेवेकडे सोपवता येते. पण त्यासाठी आधी नकार का आला हे समजून घ्यावे लागते, आणि प्रकल्पाची मुदत उद्यावर आलेली असताना ते कोण करणार?

भाषा आणि लायब्ररी यांच्या सांध्यातही खाचा आहेत. पॅम सी भाषेतली आहे, आणि सीमध्ये शून्य मूल्याचा बाइट आला की मजकूर संपला असे धरतात. पायथनच्या मजकुरात मात्र तो बाइट मध्येच कुठेही चालतो. ‘पायपॅम’ या जुन्या दुव्यात पासवर्डमध्ये असा बाइट घातला, तर स्मृतीतील एकच जागा दोनदा मोकळी केली जाई आणि प्रोग्राम कोसळे. हा दोष २०१२ मध्ये नोंदवला गेला. ‘पायथन-पॅम’ हा दुवा असे पासवर्ड दारातच परत पाठवतो. शिवाय पॅमचा संवाद एका प्रश्नावर संपेलच असे नाही. पासवर्डनंतर दर ३० सेकंदांनी बदलणारा संकेतांक विचारला गेला, तर त्या जागी पुन्हा पासवर्डच पुढे करणारी स्क्रिप्ट तिथेच अडते. आणि तिला चालते करण्यासाठी तो दुसरा टप्पाच काढून टाकण्याचा मोह होतो.

पॅम आता जुनी झाली, ब्राउझरमधून एकाच ठिकाणी लॉगिन करून सर्व सेवा वापरण्याचा हा काळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. ब्राउझरपुरता तो रास्त आहे. परंतु क्लस्टरवरचे प्रत्येक काम शेवटी एखाद्या लिनक्स खात्याच्याच नावाने चालते, फाइलींची मालकी त्याच खात्याकडे असते आणि गणन-तासही त्याच्याच नावे मांडले जातात. त्यामुळे दर्शनी लॉगिन कितीही आधुनिक असले, तरी ते खाते आज चालू आहे का हा प्रश्न यंत्रावर उरतोच.

अभ्यासक्रमांतून लॉगिन शिकवताना डेटाबेसमधील एक तक्ता आणि त्याच्याशी तुलना एवढेच बहुधा शिकवले जाते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात पॅमला एक तास मिळाला तरी पुष्कळ होईल. संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पॅम स्वतःच्या नोंदी यंत्रणेच्या नोंदवहीत टाकते; हाताने शॅडो फाइल वाचणारी स्क्रिप्ट त्या टाकत नाही.

एखादे पोर्टल यात कुठे बसते हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. एक चाचणी-खाते उघडावे आणि त्याची मुदत कालच संपल्याचे नोंदवावे. केवळ पासवर्ड कुलूपबंद करून भागत नाही, कारण त्याने किल्लीचा प्रवेश थांबत नाही. शॅडो फाइलच्या आठव्या रकान्यात १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत लिहिली जाणारी खात्याची अंतिम तारीख बदलावी लागते. मग बरोबर पासवर्ड टंकून पोर्टल काय करते ते पाहावे.