पंख्यावरची धूळ

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना कुळगी लागते. भोवती गर्द अरण्य. तरी वैशाखात कच्च्या वाटेने एखादी गाडी गेली, की तांबड्या मातीचा लोट उठतो आणि घरांत शिरतो. हीच धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसली, की गृहिणीला ऐकावे लागते, "पंखा कधी पुसलेला दिसत नाही!" या आरोपाची आज आम्ही विज्ञानाच्या साक्षीने छाननी करणार आहोत.

वाऱ्याने धूळ उडते. मग मिनिटाला ३०० च्या आसपास फेरे घेणाऱ्या पंख्यावर ती टिकते कशी? याचे मर्म जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडलेल्या सिद्धान्तात आहे. पात्याला अगदी लगटून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. तेथे कणाला उडवील असा वारा जवळजवळ नसतोच. समोरून येणारी हवा पात्याला वळसा घालते, परंतु जड कणांना तसे वळता येत नाही. ते पुढच्या कडेवर आदळतात. म्हणून तेथील थर सर्वांत जाड. टेकलेला कण रेणूंच्या आकर्षणाने धरला जातो आणि फोडणीचा तेलकट धूर त्यावर लेप चढवितो.

थंड पृष्ठभागांची गोष्ट निराळी. कणाच्या उष्ण बाजूचे हवेचे रेणू त्याला जोराने धक्के देतात, थंड बाजूचे हळू. साहजिकच तो थंडाव्याकडे सरकतो. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे. वातानुकूलन यंत्राच्या गार नळ्यांवर शिवाय दव जमते आणि धुळीचा चिखल होतो; मग गारवा घटतो व विजेचा खर्च वाढतो.

उपाय सोपा आहे. मुख्य खटका बंद करावा, भक्कम स्टुलावर उभे राहून जुना अभ्रा पात्यावर चढवावा आणि हलकेच ओढून घ्यावा. धूळ आतच राहते. नंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्याला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवावे.

तेव्हा वाचकहो, धूळ बसते ती निसर्गनियमाने, गृहिणीच्या आळसाने नव्हे. वारा सारे घर घेते. मग अभ्रा हाती घेण्याची पाळीही साऱ्या घराची. आरोप करणाऱ्यांनी आरंभ करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.