दुधी आधी चाखून बघा

सकाळी फिरून आल्यावर उपाशीपोटी दुधीचा रस पिणारा एकतरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आयुर्वेदात सांगितलंय.’

सांगितलंय खरं, पण पुरतं कोण वाचतो? भावप्रकाशाने गोड दुधीला हृदयाला हितकर, पित्त शमवणारा म्हटलंय. कडू दुधी मात्र शास्त्राने वेगळा काढलाय. चरकसंहितेच्या कल्पस्थानात ‘इक्ष्वाकु’ नावाने त्यावर अख्खा अध्याय आहे आणि तो उलटी करवणाऱ्या औषधांत! म्हणजे एक पथ्य, तर दुसरा वैद्याच्या हातचं जालीम औषध. बाहेरून बघून दोन्ही ओळखता येत नाहीत.

हा कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. कडू रसाने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकात जानेवारी 2012 मध्ये आलेल्या तज्ज्ञ अहवालाचा सल्ला साधा आहे: तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, रसात दुसरा रस मिसळू नका.

आपल्या आज्या काकडी, दुधी चिरताना टोकाचा तुकडा जिभेवर ठेवत. तेच त्यांचं शास्त्र होतं. आपण मात्र आलं-लिंबू घालून चव झाकतो आणि ‘कडू तेच गुणकारी’ म्हणत पेला रिकामा करतो.

माझं मत विचाराल तर दुधी चणाडाळ आणि ओलं खोबरं घालून भाजीतच बरा. पण तोही आधी चाखूनच, कारण कडवटपणा शिजवूनही जात नाही.