दुसरीच्या पोराचा सातबारा

वस्तीत एखादा बाप वारला की पुण्यानुमोदन आटोपायच्या आतच वारस नोंदीचा विषय निघतो. दुसऱ्या बायकोचं मूल दारात दिसलं की 'तुझा काय संबंध?' हा प्रश्न ठरलेला. अशी मुलं आमच्याकडे येतात तेव्हा आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. आपण बौद्ध आहोत, म्हणून हिंदू वारसा कायदा आपल्याला नाही, असं अनेक कार्यकर्तेही सांगतात. प्रत्यक्षात १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहेत. खटकतं, पण वाटणीच्या दाव्यात तेच चालतं.

पहिली बायको हयात असताना केलेलं लग्न कायद्याने शून्य. त्या बाईला पत्नी म्हणून वारसा नाही. पण कलम १६ नुसार तिचं मूल औरस ठरतं. प्रश्न होता वडिलोपार्जित जमिनीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्दप्पा प्रकरणात तो सोडवला. बापाच्या मृत्यूच्या आधी वाटणी झाली असती तर बापाला जे आलं असतं, त्यात या मुलाचा वाटा आहे. मात्र ते मूल सहदायक होत नाही; आजोबा-काकांच्या हिश्श्यावर त्याचा हक्क नाही.

हिशोब करून पाहू. दोन भावांची एकत्र १८ एकर जमीन. एक भाऊ वारला. मागे पत्नी, तिचा एक मुलगा आणि दुसरीचं एक मूल. त्याच्या शाखेला ९ एकर. त्यात तो, पत्नी आणि मुलगा यांचे ३-३ एकर. आता त्याच्या ३ एकरांचे तीन वारस, म्हणजे दुसरीच्या मुलाला १ एकर. बापाने स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यात मात्र तिघांना सारखा वाटा.

मोठी फट पुढे आहे. लग्नाचा विधीच झाला नसेल तर कलम १६ उपयोगी पडत नाही. वारसा कायद्यात असं मूल फक्त आईचं नातलग. बाप जन्मदाखल्यावर असला तरीही! दोघंही अविवाहित असून वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले असतील तर न्यायालय लग्न झालं असं गृहीत धरू शकतं. २०२२ च्या केरळमधल्या प्रकरणात तसंच झालं. पण पहिली बायको हयात असेल तर तोही रस्ता बंद. आईबापांनी विधी केला की नाही, यावर लेकराचा हक्क टांगून ठेवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांच्या लेकरांनी या कलमावर गप्प का बसावं?

तोवर कागद जपा. विहारात लग्न लागलं असेल तर पत्रिका, फोटो, विधी लावणाऱ्यांचं आणि साक्षीदारांचं नाव. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव. आणि बाप हयात असेल, तर त्याच्याकडून नोंदणीकृत मृत्युपत्र आजच करून घ्या.