आधी बरा हो, मग काम!

काही वाक्यं अशी असतात की ती उच्चारली की बोलणाऱ्याला आपण फार समंजस आहोत असं वाटतं. ‘लग्न झालं की सुधारेल’ हे त्यातलं एक. ‘देवाच्या मनात असेल तसं होईल’ हे दुसरं. आणि ज्या घरात स्किझोफ्रेनिया आहे तिथे हमखास ऐकू येणारं तिसरं म्हणजे, ‘आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू कामाचं.’

आज मला या तिसऱ्या वाक्याशी भांडायचं आहे. दिसायला ते मोठं मायेचं दिसतं. पण या वाक्याच्या आधारावर कितीतरी मुलामुलींची विशीतली, तिशीतली वर्षं घरातल्या एका खोलीत पलंगावर पडून संपली आहेत. आपल्याही नात्यात हे चाललं आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. कोणाला राग आला तर येऊ दे.

आधी आजाराविषयी थोडं. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने १९०८ साली वापरात आणला. आपण त्याचं भाषांतर ‘छिन्नमनस्कता’ असं केलं आणि लोकांनी त्याचा अर्थ ‘एका माणसात दोन माणसं’ असा करून घेतला. तो साफ चुकीचा आहे. कानात आवाज येणं, नसलेलं दिसणं, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय, ही या आजाराची चारचौघांना दिसणारी लक्षणं. दुसरी बाजू म्हणजे उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, अंघोळीचाही कंटाळा येणं. आणि तिसरी बाजू कोणालाच दिसत नाही. लक्ष टिकत नाही. आत्ता सांगितलेलं पाच मिनिटांत निसटतं. चार कामांतलं आधी कोणतं करायचं ते ठरत नाही. समोरच्याचं बोलणं कळतं, पण उत्तर जुळवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

घरचे याला काय म्हणतात? आळस. ‘सगळं कळतं त्याला, मुद्दाम करत नाही.’ जो आजाराचा भाग आहे, तो आपण स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

आता औषधांचं. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन आलं आणि तेव्हापासून आवाज आणि संशय आटोक्यात ठेवणारी कितीतरी औषधं मिळाली. ती घेतलीच पाहिजेत आणि स्वतःच्या मनाने कधीही बंद करता कामा नयेत, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे असं समजा. पण लक्ष, स्मरण, विचारांचा वेग या गोष्टी त्या गोळ्यांनी फारशा परत येत नाहीत. खास त्यासाठी आयक्लेपर्टिन नावाचं एक औषध मोठ्या आशेने तपासलं जात होतं. त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्याही यशस्वी झाल्या नाहीत, असं जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं.

मग ‘पूर्ण बरा’ होण्याची वाट पाहायची म्हणजे नेमकी कशाची? आवाज थांबले, झोप लागते, जेवण व्यवस्थित आहे. राहिलं ते लक्ष आणि हुरूप. आणि या दोन गोष्टी पलंगावर पडून परत येतात असं आजवर कोणी पाहिलं आहे का? पोहायला आलं की मग पाण्यात उतर, असं आपण कोणाला सांगतो का?

मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. वर्गात प्रत्येक वर्षी दोन-तीन मुलं अशी असायचीच की ज्यांना एकदम तीन सूचना दिल्या की पहिलीच लक्षात राहायची. ‘वही काढा, तारीख घाला, पान बत्तिसावरचं गणित उतरवा’ म्हटलं की वही काढून बसायची. अशा मुलाला ‘आधी हुशार हो, मग शाळेत ये’ असं कोणी म्हटलं नाही. सूचना एकेक दिली, फळ्यावर लिहिली, त्याच्याकडून म्हणून घेतली, जमलं की शाबासकी दिली. शिकवणं म्हणतात ते हेच.

मानसोपचारात याला आता ‘कॉग्निटिव्ह रेमेडिएशन’ असं भारदस्त नाव आहे. आपण आकलनशक्तीची तालीम म्हणू. कागदावर किंवा कॉम्प्युटरवर लक्ष, स्मरण आणि नियोजनाचे व्यायाम, सोप्याकडून अवघडाकडे, आणि शेजारी शिकवणारा माणूस. गंमत नाही, यावर भरपूर अभ्यास झाला आहे. टिल वाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अशा ४० अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यात दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. फायदा मध्यम स्वरूपाचा, पण खरा आणि टिकणारा निघाला. त्यातली मेख मात्र नीट वाचा. नुसते व्यायाम केले तर रोजच्या जगण्यात फरक थोडाच पडतो. त्यांच्या जोडीला कामाचं किंवा पुनर्वसनाचं दुसरं काही असेल तेव्हा तो फरक ठळक होतो.

म्हणून ‘मोबाईलवर मेंदूचे खेळ लावून दिलेत, रोज तासभर खेळतो’ असं सांगणाऱ्या आईवडिलांनाही माझं म्हणणं आहे. खेळात माणूस पटाईत होतो तो खेळातच. पाढे पाठ असलेला मुलगा बाजारात पैसे मोजताना अडखळतो, हे काय मी सांगायला हवं? पाढे हवेतच, पण त्याला पिशवी देऊन बाजारात पाठवायलाही हवं.

कामाच्या बाबतीत सगळीकडे जुना रिवाज होता तो ‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ असा. मेणबत्त्या करा, कागदी पाकिटं चिकटवा, आणि तयार झालात की खऱ्या कामाचं पाहू. ते ‘तयार झालात’ बहुतेकांच्या वाट्याला कधी येतच नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रम उलटा केला. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला त्याच्या आवडीचं, खऱ्या पगाराचं, चारचौघांसारखं काम लवकर शोधून द्यायचं आणि शिकवायचं ते तिथेच. मदतनीस पाठीशी राहणार, महिना-दोन महिने नाही, लागेल तोवर. डॉक्टर आणि तो मदतनीस एकमेकांशी बोलत राहणार. ‘तू अजून लायक नाहीस’ म्हणून कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही.

‘अहो, पण ताणाने पुन्हा आजार उसळेल त्याचं काय?’ हा प्रश्न येणारच. रास्त आहे. त्याचं उत्तर युरोपातल्या सहा केंद्रांनी मिळून शोधलं आणि ते २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ३१२ रुग्ण होते. निम्म्यांना ही नवी पद्धत, निम्म्यांना जुनी प्रशिक्षणाची. नव्या पद्धतीत ५५ टक्के लोकांनी एक दिवस तरी बाहेर नोकरी केली, जुन्या पद्धतीत २८ टक्के लोकांनी. आणि पुन्हा इस्पितळात भरती व्हावं लागलं ते नव्या पद्धतीत २० टक्क्यांना, जुन्या पद्धतीत ३१ टक्क्यांना. म्हणजे खऱ्या कामावर गेल्याने आजार उसळतो, हा आपला समज या आकड्यांपुढे टिकत नाही. ५५ टक्के म्हणजे १०० टक्के नव्हेत, हेही मी जाणून आहे. सर्वांना जमत नाही. पण प्रयत्नच न करता ‘जमत नाही’ ठरवणारे आपण कोण?

ज्यांना अशी मदत मिळूनही काम जमलं नव्हतं, अशा १०७ जणांना घेऊन सुझन मॅकगर्क आणि किम म्युझर यांच्या गटाने आणखी एक प्रयोग केला. अर्ध्यांना कामासाठी मदत, अर्ध्यांना मदत आणि शिवाय आकलनशक्तीची तालीम. २०१५ साली निकाल आला. नुसत्या मदतीवर ३६ टक्के कामाला लागले, तालीम जोडल्यावर ६० टक्के. जे ‘वाया गेलेले’ म्हणून बाजूला काढले असते, त्यांच्यातले हे ६० टक्के!

‘हे सगळं गोऱ्यांच्या देशात’ म्हणून उडवून लावू नका. आपल्याकडे तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी २८२ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रुग्णाला आणि घरच्यांना साथ दिली. इस्पितळातल्या नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळाली तेव्हा आजाराचा त्रास आणि परावलंबन थोडं अधिक कमी झालं. फरक मोठा नव्हता, तमिळनाडूत तो जास्त दिसला. पण गावातला माणूस हे काम करू शकतो, एवढं तर कळलं?

सरकारचंही बोलू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व मानलं आहे आणि सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातल्या १ टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता एवढे सगळे दाटीवाटीने बसवले आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. ते काढायचं तर आजार कबूल करायला हवा, आणि बहिणीचं लग्न व्हायचं असेल तर घरचे तो कबूल करत नाहीत. शिवाय जागा राखून ठेवणं वेगळं आणि त्या जागेवर माणूस टिकावा म्हणून शेजारी मदतनीस देणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीला पगार कोण देणार, हे ठरवल्याशिवाय तो १ टक्का कागदावरच राहणार.

पण सगळं सरकारवर ढकलायला मी बसलेले नाही. आपल्या नात्यातल्या एका मुलाचं सांगते. नाव लिहीत नाही. मुलगा कसला, पस्तिशी उलटली आहे. औषधं नियमित घेतो. त्याला एका बाइंडिंगवाल्याने कामावर ठेवलं होतं. मालक एका दमात सांगायचे, ‘हे फर्मे जुळव, त्या पार्टीला फोन कर आणि जाता जाता खळ भिजव.’ हा फर्मे जुळवून उभा राहायचा. महिनाभर बोलणी खाल्ली. मग मालकांनाच सुचलं आणि त्यांनी भिंतीवर एक पाटी टांगली. कामं एकाखाली एक लिहायची, झालं की रेघ मारायची. सकाळी गोळीची गुंगी असते म्हणून यायची वेळ अकरा केली. एवढ्यावर हा माणूस सात महिने रोज कामावर गेला. पहिल्या पगारातून आईला चप्पल घेतली. आणि मग घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, ‘कशाला दगदग? घरात खायला कमी आहे का?’ आणि त्याला बसवून ठेवलं.

खायला कमी नाही हो. पण माणूस फक्त खायला जगतो का? ‘काय करतोस?’ या प्रश्नाला उत्तर नसणं म्हणजे काय, हे पेन्शन घेणाऱ्या आपल्या पिढीला तरी कळायला हवं. ते मालक त्याला दिवाळीनंतर परत घ्यायला तयार आहेत. तो जायला तयार आहे. अडलं आहे ते मोठ्यांच्या मायेपाशी.

डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथल्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. शब्द किती छान आहेत! पण शुभंकर होणं म्हणजे ताट वाढून देणं एवढंच नव्हे. २००४ साली ‘देवराई’ आला तेव्हा आपण सगळ्यांनी डोळे पुसले. त्यातल्या शेषबद्दल हळहळलो. आपल्या घरातल्या शेषला मात्र कोणी काम दिलं नाही. आणि जॉन नॅशचं उदाहरण कृपया देऊ नका. काम मिळवायला नोबेल मिळवण्याइतकी बुद्धी लागत नाही. नॅशकडून घ्यायचंच तर एवढं घ्या, की आजाराच्या वर्षांतही प्रिन्स्टनच्या गणित विभागात त्याला वावरू दिलं गेलं.

आपल्या देशात बहुतेकांना काम मिळतं ते सरकारात नव्हे, कोणाच्या तरी ओळखीने, काकाच्या दुकानात, मामाच्या वर्कशॉपमध्ये. म्हणजे ही जबाबदारी घेणं आपल्याच हातात आहे. आपल्या नात्यात तीन दुकानं आहेत, एक पोळीभाजी केंद्र आहे, एक सी.ए.चं ऑफिस आहे. प्रत्येकाने एक जागा द्यावी. अर्धा दिवस चालेल. सूचना एकेक आणि लिहून. गोंगाटापासून जरा बाजूची जागा. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सुट्टी, तोंड वाकडं न करता. एक माणूस असा, ज्याला तो न लाजता ‘परत सांगा’ म्हणू शकेल. आणि पगार कामाप्रमाणे, खाऊचे पैसे दिल्यासारखा नव्हे. चुकला तर कामापुरतं बोला, जसं इतरांना बोलता तसं. एकदा काम सुटलं तर दुसरं शोधा. धडधाकट माणसं नोकऱ्या बदलत नाहीत का?

आणि घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगणं, की आपण आणखी किती वर्षं पुरणार? आपण गेल्यावर त्याला उपयोगी पडेल ती त्याला येत असलेली एखादी गोष्ट आणि रोज त्याची वाट पाहणारी एखादी जागा. ती आपण असतानाच करून द्यायची असते.