धुक्याचे दिवे : आधी कारण, मग खर्च

डिसेंबरचा मध्य उलटला, की ग्वाल्हेर, आग्रा, कानपूर, लखनौ, पाटणा या साऱ्या पट्ट्यावर पहाटेचे धुके उतरू लागते आणि कित्येकदा सूर्य बराच वर आला तरी ते हटत नाही. नोकरीच्या निमित्ताने गेलेल्या किंवा पिढ्यानुपिढ्या उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे नवे नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना धुके भेटते ते बहुधा पावसाळ्यात, आंबोलीच्या किंवा माळशेजच्या घाटात. तेथे तर ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. दोन्हीकडे मोटारीच्या फॉग लाइटची, म्हणजे खास धुक्यासाठी बसवलेल्या दिव्यांची, आठवण होते आणि दोन्हीकडे ते नेमके त्याच दिवशी पेटत नाहीत. वर्षातील दहा महिने ज्या दिव्यांच्या बटणाला कोणी हात लावलेला नसतो, ते आयत्या वेळी रुसले तर त्यात नवल ते काय?

माझा आक्षेप दिव्यांवर नाही, आपल्या दुरुस्तीच्या रीतीवर आहे. दिवा पेटत नाही असे दिसताच आपण बाजार गाठतो, नवा आणि शक्य तर अधिक प्रखर बल्ब बसवून घेतो, आणि तोही टिकला नाही की दुकानदार सुचवील तो मोठा फ्यूज बसवू देतो. कारण न शोधता केलेला हा खर्च पुष्कळदा वाया जातो आणि क्वचित गाडीच्या मुळावर येतो. वाणिज्य शाखेच्या माणसाने विजेच्या तारांत लक्ष घालू नये, असे कोणी म्हणेल. परंतु तेरीज जुळत नसताना जी विचारपद्धती उपयोगी पडते तीच येथेही पडते : चूक कोठे नाही, हे आधी निश्चित करायचे.

या दिव्यांकडे गंभीरपणे का पाहावे, हे थोडक्या आकड्यांत सांगता येते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात दृश्यमानता २०० मीटरच्या आत आली की दाट धुके आणि ५० मीटरच्या आत आली की अतिदाट धुके समजतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरचे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तरी २५ मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी पुरती थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. अतिदाट धुक्यात म्हणजे शिल्लक जवळजवळ शून्य. १६५ किलोमीटर लांबीच्या यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात वेगमर्यादा खाली आणतात ती याचसाठी. याच मार्गावर नोव्हेंबर २०१७ मध्ये धुरकट धुक्यात गाड्या एकामागून एक आदळत गेल्याची दृश्ये अनेकांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली असतील. त्यांतील बहुतेक धडका मागून बसत होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे वळायचे आहे.

दिवा बिघडला असे म्हणण्यापूर्वी तो खरोखरच बिघडला आहे का, हे पाहावे. बहुतेक मोटारींत पार्किंग लाइट किंवा हेडलाइट लावल्याखेरीज फॉग लाइट पेटतच नाहीत. बटण कितीही वेळा दाबले तरी उपयोग नसतो. मागचा फॉग लाइट तर अनेक गाड्यांत एकच असतो आणि आपल्याकडे तो उजव्या बाजूला असतो. डावीकडचा पेटत नाही म्हणून गॅरेज गाठणाऱ्याला तेथे बल्बच नाही, हे कळल्यावर ओशाळे व्हावे लागते. काही गाड्यांत वळताना त्या बाजूचा फॉग लाइट आपोआप पेटतो. तुमच्या गाडीत ही सोय असेल आणि वळणावर दिवा पेटत असेल, पण बटणाने पेटत नसेल, तर बल्ब शाबूत आहे आणि दोष बटणाच्या बाजूला आहे, हे घरबसल्या कळते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे सारे लिहिलेले असते. ती पुस्तिका आपल्याकडे विम्याच्या कागदांखाली कोरीच्या कोरी पडलेली असते, हा भाग निराळा.

यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे : पुढचे दोन्ही दिवे बंद आहेत की एकच? एकच बंद असेल तर दोष बहुधा त्या दिव्याजवळच असतो. बल्ब गेलेला असतो, जोडणी सैल झालेली असते किंवा अर्थिंगच्या टोकाला गंज चढलेला असतो. दोन्ही एकदम बंद असतील, तर दोन्ही बल्ब एकाच दिवशी गेले असण्यापेक्षा दोघांच्या सामाईक वाटेवर काही तुटले असण्याची शक्यता कितीतरी अधिक. ती वाट म्हणजे फ्यूज, रिले आणि बटण. एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे काम होते, आणि गॅरेजमध्ये तो विचारणारा ग्राहक फसवला जाणे कठीण.

फ्यूज पाहणे कोणालाही जमण्यासारखे आहे. फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा, हे दिलेले असते. गाडी बंद करून तो चिमट्याने उपसावा आणि आतील पट्टी तुटली आहे का ते पाहावे. तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. फ्यूजचे रंगही ठरलेले असतात : १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा. नवा फ्यूज काही दिवस टिकला तर ठीक. लगेच उडाला तर मात्र तेथेच थांबावे. कोठेतरी तार घासून उघडी पडली आहे आणि गाडीच्या पत्र्याला टेकते आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. अशा वेळी तिसरा फ्यूज घालू नये. अनुभवी इलेक्ट्रिशियनकडे जावे.

रिलेची परीक्षा त्याहून सोपी. बटण दाबताच पेटीतून बारीक ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर रिलेला आज्ञा पोहोचते आहे. आवाज येत नसेल तर त्याच पेटीतील, तोच क्रमांक असलेला दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तात्पुरता तेथे लावून पाहावा. दिवे पेटले तर दोषी सापडला.

बल्बच्या बाबतीत मात्र आपली घाई फार नडते. एच-८ आणि एच-११ हे बल्ब दिसायला जवळपास सारखे. पण पहिला ३५ वॉटचा, दुसरा ५५ वॉटचा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये, कारण त्वचेचे तेल काचेवर राहते, तेथे काच अधिक तापते आणि बल्ब लवकर फुटतो. हे दिवे बंपरमध्ये खाली असल्याने पावसाळ्यात त्यांच्यावर चिखल आणि पाणी उडत असते. जोडणीच्या पितळी पिनांवर हिरवट थर दिसला, तर नवा बल्बही मंद जळेल किंवा लुकलुकेल. थर साफ करून जोडणी घट्ट बसवणे हीच तेथील दुरुस्ती होय. शंका राहिली तर मल्टिमीटर कामास येतो. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी साधारण १४ व्होल्ट मिळतात. दिव्याच्या जोडणीपाशी जवळपास तेवढेच मिळावेत. दोन-तीन व्होल्ट वाटेत हरवत असतील तर दोष तारेत किंवा अर्थिंगमध्ये आहे, आणि त्यावर नव्या बल्बाचा काहीच इलाज चालत नाही.

आता त्या अधिक प्रखर बल्बाविषयी. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टला मिळून सुमारे ९ अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. १५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याला साजेशी तार हे तेवढ्यासाठीच योजलेले असतात. त्याजागी १०० वॉटचे दोन बल्ब घातले की प्रवाह १६-१७ अँपिअरवर जातो आणि फ्यूज आपले कर्तव्य बजावून उडतो. मग दुकानदार हसतमुखाने २५ अँपिअरचा फ्यूज लावून देतो. आता फ्यूज उडत नाही, हे खरे. पण तार मात्र पूर्वीचीच असते आणि ती तापू लागते. तेरजेतील फरक सस्पेन्स खात्यात टाकून निर्धास्त घरी जाण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक नाहीसा झालेला नसतो, दिसेनासा झालेला असतो. पुढे जोडणीचे प्लॅस्टिक वितळलेले आढळले म्हणजे त्याचे श्रेय पुन्हा कंपनीच्या ‘हलक्या मालाला’ दिले जाते. मूळ वायरिंग कापून केलेला जोड विम्याच्या सर्वेक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. वॉरंटीचा आणि प्रसंगी आगीच्या दाव्याचा प्रश्न तेथे अडू शकतो. वाहनकर्जाचे हप्ते मात्र त्यामुळे थांबत नाहीत.

प्रखरतेने धुके भेदले जाते, हीच मुळात गैरसमजूत आहे. धुक्यातील प्रत्येक थेंब प्रकाश परतवतो. म्हणूनच अप्पर लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद, चपटा व वरच्या बाजूने कापलेला असतो, तो रस्त्याची कडा दिसावी म्हणून. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातील एलईडी बल्ब खुपसला, की हा आकारच बिघडतो आणि प्रकाश वर उधळतो. पिवळा प्रकाश धुक्यातून अधिक दूर जातो, ही समजूतही फारशी खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात, की ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. कोणाच्या डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो, एवढेच.

मागच्या दिव्याविषयी तर आपण पुरते उदासीन आहोत. समोरचा फॉग लाइट आपल्याला दिसावे म्हणून असतो. मागचा तांबडा दिवा आपण इतरांना दिसावे म्हणून असतो, आणि दाट धुक्यात जीव वाचण्याचा संभव दुसऱ्यावर अधिक अवलंबून असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडच्या अनेक मोटारींत दिवसाचे एलईडी दिवे पुढे आपोआप लागतात. चालकाला वाटते सारे दिवे लागले आहेत, आणि मागे संपूर्ण अंधार असतो. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवण्याची आपली प्रथाही याच उदासीनतेतून आलेली आहे. त्यामुळे गाडी उभी आहे की चालते आहे, हे मागच्याला कळत नाही आणि वळण्याची खूण देण्याचा मार्ग बंद होतो. मागच्या फॉग लाइटचे काम त्यांच्याकडून होत नाही. तो दिवा ब्रेकच्या दिव्याइतका प्रखर असतो, म्हणून धुके विरताच तो विझवणे मात्र तितकेच आवश्यक आहे.

हा मागचा दिवा तपासण्यास एरवी दुसरे माणूस लागते. कोणी हाताशी नसेल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ घराच्या भिंतीकडे करावी, हेडलाइट आणि फॉग लाइट लावावेत आणि मध्यल्या आरशात भिंतीवरील तांबड्या उजेडाकडे पाहत बटण दोनदा चालू-बंद करावे. उजेड वाढला-घटला तर दिवा शाबूत. यास दोन मिनिटे लागतात, आणि डिसेंबर उजाडण्यापूर्वी ती कोणत्याही संध्याकाळी काढता येतात.